छत्रीभोवतीची हिरवळ काढा

इंदूरमध्ये एखाद्या जुन्या घराण्याच्या छत्रीचं, म्हणजे दहनस्थळी किंवा समाधीवर उभारलेल्या घुमटाच्या स्मारकाचं, सौंदर्यीकरण मंजूर झालं की पुढे काय होणार, हे वार्डातल्या कुणालाही सांगता येतं. लोखंडी कुंपण, फाटकावर पार्षदांच्या (नगरसेवकांच्या) नावाची कमान, फिरायला पेव्हर ब्लॉकची वाट, कडेनं मेंदी आणि उरलेल्या सगळ्या मोकळ्या जागेत, थेट छत्रीच्या जोत्याला भिडवून, हिरवळ. हिरवळीमागून स्प्रिंकलर येतातच. बगीचा राहू द्या, फाटक राहू द्या, हौस असेल तर कमानही राहू द्या; पण हिरवळ काढा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. दीडशे-दोनशे पावसाळे पाहिलेल्या या बांधकामांना पावसानं जेवढं छळलं नसेल तेवढं हे रोजचं पाणी छळतं.

आधी कोणत्या जागांबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू. छत्रीबागेतल्या जुन्या होळकरांच्या छत्र्या, खान नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या तीन छत्र्या (कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या), मल्हारगंजाकडची १८५८ ची बोलिया सरकारांची छत्री ही सर्वांना माहीत असलेली नावं. यांच्याकडे पर्यटन, पुरातत्त्व, स्मार्ट सिटी अशा कुणा ना कुणाचं लक्ष जातं. खरी काळजी आहे ती त्याखालच्या फळीची. सरदार, दिवाण, फडणीस, महंत, गोसावी यांच्या एकेकट्या छत्र्या, पादुकांचे ओटे, समाधीवरची तुळशीवृंदावनं, कुठे सतीशिळा. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांचा कारभार इंदुरात स्थिरावला, त्यांच्या पाठोपाठ ही घराणी इथे रुजली आणि नदी-नाल्याच्या काठी, तेव्हाच्या वस्तीबाहेर, त्यांची दहनस्थळं झाली. आज त्याच जागा भर वस्तीत आहेत. घरातली मंडळी पुणे, मुंबई, अमेरिका करून पांगली. मागे उरला तो अर्धा-एक बिघ्याचा तुकडा आणि त्यात उभा असलेला दगड.

या जागा हलवता येत नाहीत. माणूस जिथे गेला किंवा जिथे दहन झालं तिथे छत्री, ही सर्वसाधारण रीत होती. म्हणून पहिले मल्हारराव १७६६ मध्ये आलमपुरात वारले तर त्यांची छत्री भिंड जिल्ह्यातल्या त्या गावी आहे, आणि यशवंतराव १८११ मध्ये भानपुऱ्याला वारले तर त्यांची तिथे. मूर्ती दुसऱ्या देवळात नेता येते, छत्री नेता येत नाही. तिच्या खाली अस्थी असू शकतात, म्हणून भोवतालची जमीनही स्मारकाचाच भाग धरावी लागते. दिव्याच्या खांबासाठी तीन फुटी खड्डा खणताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानात नसते.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. माळव्यातल्या मे महिन्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला सहा-सात मिलिमीटर लागतं, जानेवारीत दोन-तीन. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे सुमारे २४० दिवस धरले आणि सरासरी चार मिलिमीटर धरली, तरी ९६० मिलिमीटर होतात. इंदूरचा वर्षाचा पाऊसही साधारण तेवढाच. म्हणजे हिरवळीवाल्या छत्रीला वर्षातून दोन पावसाळे लागतात, आणि दुसरा अशा महिन्यांत लागतो ज्यांत तिनं सुकायला हवं. जुन्या चुन्याच्या बांधकामाचं सगळं गणित या सुकण्यावर उभं आहे. चार महिने भिंत ओल पिते, आठ महिने सोडते. ते आठ महिनेच काढून घेतले तर ओल साठत जाते.

हजार चौरस मीटरच्या हिरवळीला दिवसाला सरासरी चार हजार लिटर, उन्हाळ्यात सहा-सात हजार. हे पाणी नर्मदेचं असेल तर ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून, पंपानं आणलेलं आहे. त्याच्या खर्चाबद्दल वेगळं लिहायला नको. निगम (महापालिका) बऱ्याच बगीच्यांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी देतं. शहराच्या दृष्टीनं ते शहाणपणाचं आहे, झाडांना ते चालतं, रस्त्याच्या दुभाजकांना तर उत्तमच. छत्रीला मात्र ते नळाच्या पाण्याहून वाईट, कारण त्यात विरघळलेले क्षार जास्त असतात.

क्षार नेमकं काय करतात हे समजून घेतल्याशिवाय बाकीचं पटणार नाही. माळव्याचा काळा दगड घट्ट असतो, तो स्वतः फारसं पाणी पीत नाही. पाणी चढतं ते दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून आणि आतल्या भरावातून. जोत्यापासून फूट-दोन फूट, कधी त्याहून वर. तिथे ते वाऱ्याला लागून उडून जातं आणि त्यातला क्षार मागे राहतो. पृष्ठभागावर राहिला तर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती कुरूप असली तरी निरुपद्रवी. पृष्ठभागाच्या किंचित आत राहिला तर स्फटिक वाढताना आतून ढकलतो आणि गिलावा फुगतो, वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात, दरजेचा चुना पिठासारखा गळतो. सोडियम सल्फेट सर्वांत वाईट. कोरडं असताना ते जेवढी जागा घेतं त्याच्या सुमारे चौपट जागा ते पाणी धरून स्फटिक झाल्यावर घेतं. सकाळी स्प्रिंकलर, दुपारी ऊन, पुन्हा सकाळी स्प्रिंकलर. हे चक्र वर्षातून दोनशेच्या वर वेळा फिरतं. एरवी मोसमागणिक फिरलं असतं.

या दुखण्यावर नेहमीचा उपाय म्हणून सिमेंट येतं. चुना गळलेला दिसला की ठेकेदार दरजा सिमेंटनं भरतो, जोत्याला दोन फूट उंचीपर्यंत सिमेंटचा पट्टा फिरवतो. पट्ट्यामागून ओल बाहेर पडू शकत नाही, मग ती पट्ट्याच्या वर चढते आणि आजवर कोरडा असलेला थर खराब करते. सिमेंट दगडाहून आणि चुन्याहून ताठ. उन्हात सगळं प्रसरण पावतं तेव्हा दरज दबत नाही, दगडाची कड तुटते. शिवाय सिमेंट स्वतःबरोबर सोडियम आणि सल्फेट आणतं, म्हणजे ज्या क्षारावर इलाज करायचा तोच नव्यानं भरला जातो. दोन-तीन वर्षांत पट्टा सुटतो, सोबत दगडाचा पापुद्रा घेऊन. मग पुन्हा निविदा.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. चांगल्या कारागिरांनी पाया मुरुमापर्यंत नेलेला असतो, लहान समाध्यांना तेवढं कुणी केलेलं नसतं. स्प्रिंकलर एका बाजूला, पेव्हर दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी झाली की ओटा एकीकडे उचलला जातो आणि दुसरीकडे तसाच राहतो. छत्रीचं वजन चार किंवा आठ खांबांवर. एक खांब बोटभर हलला तरी कमानीच्या माथ्याशी तडा जातो आणि घुमटाच्या कळसाशेजारून पावसाचं पाणी आत उतरायला लागतं. अशा तड्याला घुमटाचं दुखणं समजून वरून वॉटरप्रूफिंगचा काळा थर फासतात. कारण मात्र खाली हिरवळीत असतं.

तिसरी गोष्ट पातळीची, आणि ती सर्वांत कमी दिसते. प्रत्येक सौंदर्यीकरणात माती, खत, पेव्हरखालची चुरी मिळून जमीन १०-१५ सेंटिमीटर वर येते. तीन पार्षद बदलले की जोत्याची खालची घडीव पट्टी गाडली जाते आणि पहिली पायरी नाहीशी होते. आजूबाजूचा रस्ताही दर डांबरीकरणाला उंच होत असतो. मग पावसाळ्यात छत्री खड्ड्यात उभी असते आणि सगळ्या मोहल्ल्याचं पाणी तिच्याकडे धावतं. तिथे पंप बसवण्याचे प्रस्तावही येतात!

आता बगीच्याच्या बाजूनं जो खरा मुद्दा आहे तो मांडला पाहिजे, कारण तो वजनदार आहे. बगीचा झाला नसता तर यांतल्या कित्येक जागा आज उरल्याच नसत्या. मोकळी, बेवारशी दिसणारी जागा या शहरात महिनाभर मोकळी राहत नाही. आधी गाडी उभी राहते, मग टपरी, मग टपरीला पत्रा, मग मीटर. कायद्याचं छत्र सगळ्यांवर नाही. केंद्र-संरक्षित स्मारकाला १९५८ च्या कायद्यानं आणि २०१० च्या दुरुस्तीनं १०० मीटरचा निषिद्ध पट्टा मिळतो, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित पट्टा; राज्याच्या स्मारकांना मध्य प्रदेशचा १९६४ चा कायदा आहे. एखाद्या सरदार घराण्याची एकटी छत्री सहसा दोन्हींत बसत नाही. एखाद्या वारसा संस्थेच्या यादीत नाव असणं चांगलंच, पण त्या यादीला कायद्याचा जोर नसतो. मालकीचं तर विचारूच नये. खसऱ्यात (जमिनीच्या नोंदीत) कुठे नजूल म्हणजे सरकारी जमीन, कुठे देवस्थान, कुठे पणजोबांचं नाव. होळकरांच्या 'खासगी' नावाच्या धर्मादाय ट्रस्टसारख्या मोठ्या प्रकरणाचा वादसुद्धा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ट्रस्टनं मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ खाली नोंदणी करावी, असं २०२२ मध्ये ठरलं. मग चार खांबांच्या छत्रीचं काय? अशा स्थितीत 'निगमचा बगीचा' अशी पाटी लागणं हेच त्या तुकड्याचं व्यवहारातलं संरक्षण आहे, हे मान्य केलंच पाहिजे. सकाळी फिरायला येणारे आजोबा हा तिथला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दक्ष पहारेकरी.

पण या युक्तिवादातून कुंपण सिद्ध होतं, वाट सिद्ध होते, बाक सिद्ध होतात, माळी सिद्ध होतो. हिरवळ सिद्ध होत नाही. टपरीवाल्याला अडवतं ते फाटक आणि माणसांचा वावर. गवताचा रंग त्याला अडवत नाही.

हिरवळ काढायची तर एका दिवसात उपटून टाकू नये. इथे घाई केली तर फायद्याऐवजी नुकसान होईल. वर्षानुवर्षं ओली राहिलेली काळी माती एकदम सुकली तर आक्रसेल आणि ओटा खचेल. काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात सुरू करावं. पहिल्यांदा जोत्यापासून तीन मीटरच्या आतले स्प्रिंकलर बंद, आणि लांबच्यांची तोंडं अशी फिरवायची की वाऱ्यावरही तुषार दगडावर येणार नाहीत. बाकीचं पाणी एका वर्षात टप्प्याटप्प्यानं कमी करत न्यायचं. त्याआधी प्रत्येक तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहायची. पट्टी तडकली तर तडा चालू आहे, म्हणजे पाणी कमी करण्याचा वेग मंदावायचा. हे काम शंभर रुपयांत होतं आणि कुठल्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

दुसऱ्या वर्षी जोत्यालगतची भर काढायची. यंत्र न लावता, फावडं आणि खुरप्यानं, एका वेळी एक बाजू, जोत्याची मूळ घडीव पट्टी दिसेपर्यंत. मातीत घडीव दगड, मडक्याची खापरं, राख दिसली तर तिथेच थांबून फोटो, मोजमाप आणि घराण्याला निरोप. नंतर जोत्यापासून बाहेरच्या दिशेनं पन्नासास एक असा उतार, म्हणजे तीन मीटरला सहा सेंटिमीटर. त्यावर १० सेंटिमीटर जाड खडी किंवा मुरुमाचा थर, ज्याखाली प्लास्टिकचा कागद घालायचा नाही, नाहीतर जमिनीतली ओल पुन्हा भिंतीतूनच वाट काढेल. खडीच्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला उथळ उघडी दगडी नाली. बंद पाइप नको. तो तुंबला की कळत नाही, आणि पालापाचोळ्यानं तो तुंबतोच. पेव्हर हवेच असतील तर या पट्ट्याच्या पलीकडे.

पांढरी पूड निघत असेल तर ती कोरड्या मऊ ब्रशनं झाडून सुपलीत गोळा करायची. धुवायची नाही, धुतली की ती विरघळून पुन्हा आत जाते. पाण्याचा स्रोत तुटल्यावर पहिली एक-दोन वर्षं पूड वाढलेली दिसेल, कारण भिंत सुकते आहे. नेमक्या याच वेळी घाबरून कुणीतरी प्लास्टर मारतं.

दरजा भरायच्या त्या सगळ्यांत शेवटी, भिंत सुकल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत. सैल मसाला छिन्नीनं हातानं काढायचा, ग्राइंडर चालवायचा नाही. खोली दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट. मसाला म्हणजे एक भाग भिजवून निदान महिनाभर मुरवलेला चुना, दीड भाग धुतलेली वाळू, एक भाग चाळलेली सुरखी (विटेची पूड). सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. झामा (जास्त भाजलेल्या) विटेची सुरखी दिसायला छान लाल असली तरी चुन्याशी तिची प्रतिक्रिया फारशी होत नाही. गूळ, बेल, मेथी, उडीद यांच्याबद्दल सध्या वर्तमानपत्रांतून फार भाविकपणे लिहिलं जातं. त्यांचा उपयोग आहे, पण ओला चुना नीट मळलेला नसेल तर मणभर गूळ घालूनही काही साधत नाही, आणि गूळ जास्त झाला तर मुंग्या येतात. भरलेली दरज गोणपाटानं झाकून आठ-दहा दिवस दमट ठेवायची. उन्हात लगेच सुकली की ती चुरा होऊन पडते, आणि मग चुनाच कुचकामी असा निष्कर्ष काढून सिमेंटची पोती उतरतात.

पिंपळाचं तेवढं सांगितलं पाहिजे. पेन्सिलीहून बारीक रोप पावसाळ्यात, मसाला ओला असताना, हातानं अलगद निघतं. त्याहून जाड झालेलं ओढू नये, सोबत दगड येतो. बुंध्याशी कापून ताज्या कापावर ब्रशनं तणनाशक लावायचं आणि फुटवा आला की पुन्हा तेच. मुळं मरून सैल व्हायला एखादा हंगाम जातो. मुळावर ॲसिड ओतण्याची सर्रास चाल आहे. ॲसिड मुळाआधी चुना खातं.

हिरवळ गेली की जागा उजाड दिसेल ही भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय सावली हा आहे. जोत्यापासून आठ मीटरवर कडुनिंब, बकुळ; पाच-सहा मीटरवर चाफा, पारिजातक, कण्हेर, बेल. वड, पिंपळ, उंबर कुंपणाच्या आत कुठेच नको. रोपांना पहिली दोन वर्षं आळ्यातच पाणी, नंतर फक्त मे महिन्यात. पावसाळ्यात खडीतून गवत येईल, ते येऊ द्यावं आणि दिवाळीआधी कापावं. उभं वाळू दिलं तर सिगारेटच्या थोटकानं पेट घेतं. एप्रिलमध्ये जागा पिवळी-तपकिरी दिसेल. माळवा एप्रिलमध्ये तसाच दिसतो. या बांधकामांना शोभेल असा रंगही तोच आहे, निदान आमच्या डोळ्यांना.

कामाची रचना बदलल्याशिवाय यांतलं काही टिकणार नाही. हिरवळ असण्याचं एक कारण सौंदर्यदृष्टी, दुसरं आणि मोठं कारण म्हणजे ती मोजता येते. इतके चौरस मीटर, इतकी कटाई, इतके टँकर, बिल निघतं. कोरडी छत्री कशी मोजणार? तीही मोजता येते. वर्षातून दोन तपासण्या, एक जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि एक ऑक्टोबरात. जूनमध्ये घुमटावरची रोपं, छज्जाच्या तोट्या, नाल्या आणि उतार. ऑक्टोबरात काचपट्ट्या, ओलीच्या रेषेची जोत्यापासूनची उंची, दरजा. ओलीची रेषा खडूनं न आखता फोटोत मोजपट्टी धरून नोंदवायची. छत्रीत शिवलिंग असेल आणि अभिषेक होत असेल तर त्याची पन्हाळ तुंबली आहे का हे मुद्दाम बघायचं; तुंबलेल्या पन्हाळीचं पाणी थेट ओट्याच्या पोटात मुरतं. पारव्यांना दाणे टाकायची जागा फाटकाबाहेर हलवायची. पुण्य तेवढंच लागेल, आणि विष्ठेतून येणारं नायट्रेट दगडावर पडणार नाही. रोषणाईचे दिवे जमिनीवर सुटे ठेवायचे. दगडात खिळा, क्लॅम्प, केबल काही नको. लोखंड गंजलं की फुगतं आणि घडीव काम फोडतं.

या तपासण्यांचा तक्ता निगमच्या झोन कार्यालयात राहावा आणि त्याची प्रत घराण्याकडे जावी. घराण्यांना मालकी सांगायची हौस असते, पुण्यतिथीला हार घालण्यापलीकडे जबाबदारी नको असते. हे कटू असलं तरी अनेक ठिकाणचं वास्तव आहे. पण त्यांच्याकडे असं काही असतं जे निगमकडे कधीच नसेल. कोण कुणाचा, कोणत्या साली, कोणत्या समाधीखाली, जुना फोटो, मोडीतली टिपणं. ते एकदा लिहून घेतलं पाहिजे, आणि शिलालेखांचे फोटो संध्याकाळच्या तिरप्या उजेडात काढून ठेवले पाहिजेत, अक्षरांत तेल किंवा रंग न भरता. वडोदऱ्यात सयाजीरावांनी घराण्याच्या स्मृतीसाठी १९३६ मध्ये कीर्तिमंदिर उभं केलं, आणि त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. तेवढी ऐपत प्रत्येक सरदाराची नसते, यादी करण्याची मात्र असते.

येत्या मोहल्ला बैठकीत पार्षदांपुढे ठेवायला एकच मागणी पुरे. देखभालीच्या पुढच्या निविदेतून छत्रीपासून तीन मीटरच्या आतली हिरवळ आणि स्प्रिंकलर ही बाब वगळावी, आणि वाचलेल्या टँकरच्या पैशांतून दोन तपासण्या आणि चुनाकाम जाणणारा एक गवंडी, तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच, नेमावा. यासाठी नवा कायदा, नवी योजना किंवा भोपाळची मंजुरी लागत नाही.